वर्ष पंचविसावे

आमच्या शहराचं नाव मी सांगणार नाही. नांदेडची माणसं आम्हाला लातूरकडचे समजतात आणि लातूरची माणसं नांदेडकडचे, एवढी ओळख पुरे. नगरपालिकेची महापालिका झाली, पाटी बदलली, कारभार तोच राहिला. बांधकाम विभागानं रस्ता डांबरी केला की पंधरा दिवसांत पाणीपुरवठ्याला त्याच्याखालची पाइपलाइन आठवायची. त्यांनी खोदून बुजवलं की ड्रेनेजवाले यायचे, आणि सगळ्यांचं आटोपलं की विद्युत विभाग खांबासाठी खड्डा घ्यायचा. चार विभाग, चार उपअभियंते, चार खोल्या, आणि चारही खोल्यांत इतर तिघांना नावं ठेवायला भरपूर वेळ.

क्लासेसची गल्ली वाढली तसं हे झाकेनासं झालं. जिथं ज्वारी व्हायची तिथं पाच-पाच मजली हॉस्टेलं उभी राहिली, आणि गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊन तुंबलेल्या गटारावरून उड्या मारत क्लासला जाऊ लागली. त्यांच्या आईबापांना आमच्या साहेबांची भीती नव्हती. ते थेट आयुक्तांना फोन लावायचे. २०१७च्या जूनमध्ये त्या गल्लीतला नवा रस्ता तिसऱ्यांदा फोडला गेला, तेव्हा आयुक्त मॅडमनी चारही उपअभियंत्यांना खड्ड्याच्या काठावर उभं केलं आणि विचारलं, "हा खड्डा कुणाचा?" चौघांनी चार दिशांना बोटं दाखवली. त्याच आठवड्यात आदेश निघाला. चारही विभाग मोडायचे, एकच अभियांत्रिकी विभाग करायचा, शहराचे पाच भाग पाडून प्रत्येक भागाला एक जबाबदार अभियंता द्यायचा आणि सगळ्यांच्या वर एक शहर अभियंता बसवायचा. कुठलं पद राहणार, कुठलं जाणार, कोण कुठं बसणार हे ज्या कागदावर ठरतं त्याला आमच्यात आकृतिबंध म्हणतात. तो तयार करणाऱ्या समितीची सचिव मी होते.

मी पुनम, सहायक अभियंता. आणि चार उपअभियंत्यांत सगळ्यांत ज्येष्ठ, शहर अभियंत्याची खुर्ची ज्याच्यासाठी पुसून ठेवल्यासारखी होती, तो पाणीपुरवठ्याचा किशनराव माझा सख्खा चुलता.

हे नातं मी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं. आयुक्त मॅडमनी कागद वाचला आणि हसून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "या इमारतीत कुणी कुणाचा चुलता नाही असा माणूस शोधायचा तर मला समितीच करता येणार नाही." काकांना तर गगन ठेंगणं झालं. घरचंच माणूस लेखणी धरून बसलंय म्हटल्यावर त्यांनी त्या आठवड्यात दोनदा पेढे वाटले. येईल त्याला सांगायचे, "आमची पुनम. आईबाप भूकंपात गेले. मीच शिकवली." मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचे. दर वेळी माझ्या दाढा एकमेकींवर घासायच्या.

त्यांनी मला काय शिकवलं ते सांगते.

आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं. मी आठ वर्षांची होते. आजोबा वारल्यावर माझे वडील व्यंकट आणि काका यांचं पटेनासं झालं. शेत वाटलं, काका शहरात भाड्याच्या घरात येऊन राहिले. डिप्लोमा झालेला, पण पालिकेत रोजंदारीवर. आमच्याकडं भाऊ वेगळे झाले हे तलाठ्याच्या कागदावरून कळत नाही. महालक्ष्म्या वेगळ्या झाल्या की कळतं. भाद्रपदात गौरी बसतात त्यांना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. एका घराच्या एकाच जागी बसतात, सगळ्या भावांनी तिथं जमायचं. ज्यानं नवे मुखवटे करून स्वतःच्या घरी मांडल्या तो कायमचा वेगळा झाला. त्र्याण्णव साली काकांनी मांडल्या. काकूला साडी नेसवायचा हात नव्हता, म्हणून माझी आई थोरली जाऊ असूनही, घरच्या देवी पहाटेच मांडून, मला घेऊन शहरात आली आणि तिनं त्या नव्या देवींना निऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी आई परत गेली. मी हट्ट धरून मागं राहिले, मला शहरातली गणपतीची मिरवणूक बघायची होती. मिरवणूक बघितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझं गाव नव्हतं. आई, बाबा, धाकटा भाऊ, तिघंही.

पुढचं मला चौदा वर्षांनी कळलं. भूकंपग्रस्त घराला एक प्रमाणपत्र मिळायचं. त्या घरातल्या एकाला सरकारी नोकरीत राखीव जागा. एक घर, एक माणूस. आमच्या घरातली वाचलेली मी एकटी. काकांनी शपथपत्र केलं की आम्ही दोघं भाऊ एकत्रच होतो, मी फक्त कामापुरता शहरात असायचो. प्रमाणपत्र त्यांच्या नावानं निघालं. त्यावर ते पालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून कायम झाले. आणि कायम झाल्यावर आठच महिन्यांत मला भोकरला मामाकडं पोचवून आले. निरोप देताना म्हणाले, "पोरीची जात हाय, मामाच्या नजरंखाली बरी." मामीच्या घरची भांडी घासत मी दहावीला पहिली आले, नांदेडला इंजिनियर झाले.

मग मी भूकंपग्रस्त कोट्यातून एका भरतीचा अर्ज भरला. यादीत माझं नाव वर होतं. कागद तपासणीच्या दिवशी एका हॉलमध्ये आम्ही चाळीस उमेदवार. तपासणाऱ्या साहेबांनी माझा कागद वर धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "या घराचं प्रमाणपत्र आधीच वापरलेलं आहे. या उमेदवाराचा दावा खोटा आहे." चाळीस माना माझ्याकडं वळल्या. मेलेल्यांच्या नावावर खोटं बोलणारी म्हणून मी त्या हॉलमधून बाहेर पडले. दारात एक बाई दुसरीला म्हणाली, "लाज कशी वाटत न्हाई." मी जिन्यात बसून ओकले.

त्यानंतर लातूरला पाच वर्षं क्लासमध्ये फिजिक्स शिकवलं. सकाळी साडेपाचची बॅच, फळ्यावर खडू झिजवायचा आणि मधल्या वेळात स्वतःचा अभ्यास. खुल्या जागेतून परीक्षा पास झाले. पसंतीचं शहर विचारलं तेव्हा मी हेच लिहिलं. सगळ्यांना वाटलं, चुलत्याच्या ओढीनं आली. ओढ होतीच. माणूस कुणाच्या वाईटाचीही ओढ धरू शकतो, आणि ती मायेच्या ओढीपेक्षा जास्त टिकते हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

तीन वर्षं मी त्यांच्याशी गोड वागले. सणाला गेले, वाकून नमस्कार केला. शपथपत्र त्यांच्या सेवापुस्तकात असणार हे माहीत होतं, पण सेवापुस्तक कुलुपात. आकृतिबंधानं कुलूप उघडलं. नव्या रचनेत प्रत्येकाला नव्या पदावर सामावून घ्यायचं तर प्रत्येकाची मूळ नेमणूक तपासायला हवी, असा नियम मीच मसुद्यात घातला. कुणी हरकत घेतली नाही. नियम चांगला होता.

आस्थापना विभागाचे अधीक्षक रेवणप्पा माझ्या हाताखाली दिले होते. निवृत्तीला आलेले, पान खाणारे, प्रत्येक कागदाचा जन्म आणि मरण ठाऊक असलेले. त्यांनी मला एक गोष्ट सांगून ठेवली.

"मॅडम, तपासणी सुरू झाली की लोकं येतेत. 'जरा बघू द्या माझा कागद' म्हणतेत, घेऊन जातेत, आन् मग कागद बी न्हाई आन् माणूस बी न्हाई. मागं असंच झालं."

म्हणून मी नववं कलम लिहिलं. 'पडताळणीत एकदा दाखल झालेला मूळ कागद, तो कोणाचाही असो, कोणत्याही कारणास्तव परत दिला जाणार नाही.' रेवणप्पांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "लई कडक केलंत," म्हणाले. मला ते वाक्य फार आवडलं होतं. आयुक्तांनी सही केली त्या दिवशी मी दुपारी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सेवापुस्तक उघडलं. शपथपत्र पिवळं पडलं होतं, पण अक्षर स्वच्छ. 'मी व माझे मयत बंधू व्यंकट यांचे कुटुंब एकत्र असून आमचा देव, चूल व शेत एक आहे. सर्व सणवार मूळ गावच्या घरीच होतात.' देव, चूल आणि शेत. आमच्याकडचे वकील सगळ्यांनाच ही ओळ लिहून देतात. चूल वेगळी होती हे मला ठाऊक, पण चोवीस वर्षांमागची चूल आणून दाखवू कुठून? शेताची वाटणी तोंडी झाली होती. गावातले साक्षीदार दगडांखाली गेले. मी आठ दिवस त्या ओळीकडं बघत होते.

नवव्या दिवशी काका स्वतः माझ्या टेबलाजवळ आले. हातात पत्रिकांचा गठ्ठा. "पहिली तुला," म्हणाले. जाड कागद, सोनेरी छपाई. 'श्री महालक्ष्मी प्रसन्न. आमच्या घरी महालक्ष्मीचे रौप्यमहोत्सवी वर्ष. वर्ष पंचविसावे. महाप्रसादास सहकुटुंब अगत्य येण्याचे करावे.' खाली किशनरावांचं नाव आणि हुद्दा.

मी बोटांवर मोजलं नाही, मला गरज नव्हती. पंचविसावं वर्ष २०१७ म्हणजे पहिलं १९९३. भूकंपाच्या आठ दिवस आधी त्यांच्या घरी त्यांचा वेगळा देव बसला होता, हे त्यांनी स्वतः छापलं होतं आणि साऱ्या महापालिकेला वाटत सुटले होते.

"आवकला पण एक द्या," मी म्हणाले. "आयुक्त मॅडमना रीतसर जाऊ दे."

"हाव, बरं सुचवलंस," काका म्हणाले, आणि हौसेनं आवक-जावकच्या खिडकीकडं गेले. पत्रिकेवर गोल शिक्का बसला, क्रमांक पडला. त्यांनी जन्मभर पाण्याचे व्हॉल्व्ह सांभाळले, कुठल्या गल्लीत किती फुटांवर कुठली पाइप आहे हे त्यांना नकाशाशिवाय सांगता यायचं. माणूस कामाचा होता, हे मी नाकारत नाही. पण देवाच्या बाबतीत माणूस हिशेबी राहत नाही. देवाची वर्षं कमी करून सांगणं त्यांच्या मनातही आलं नसतं.

रेवणप्पांना मी पत्रिका आणि शपथपत्र शेजारी ठेवून दाखवलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पान गालाआड सारलं.

"एकट्या पत्रिकेवर व्हायचं न्हाई, मॅडम. म्हणतील छापणाऱ्यानं चूक केली. चोविसावं लिहायचं, पंचविसावं लिहिलं. तारखेचा कागद पायजे."

तारखेचा कागद कुठं आहे हे मला ठाऊक होतं. काकांच्या बैठकीत, टीव्हीच्या वर, लाकडी चौकटीत. मी लहानपणापासून बघितलेला रंगीत फोटो. मधे दोन नव्या महालक्ष्म्या, त्यांच्यापुढं पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं 'वर्ष पहिले', डाव्या हाताला झालरीच्या फ्रॉकमध्ये मी, आणि उजवीकडं अर्धी वाकून देवीच्या निऱ्या सारख्या करणारी माझी आई. फोटो काढतोय म्हटल्यावर तिनं मान वर केलीय. आमच्या घरचे बाकी सगळे फोटो ढिगाऱ्यात गेले. आईचा चेहरा जगात तेवढ्या एकाच कागदावर होता.

मी एका दुपारी गेले, काका साइटवर असताना. काकू, धोंडाबाई तिचं नाव, गव्हल्या करत बसली होती. पाट सरकवून म्हणाली, "ये गं माय." आई गेल्यावर त्या घरात होते तोवर मी तिच्याच कुशीत झोपले होते. भोकरला पाठवायच्या दिवशी ती दाराआड रडली होती आणि बाहेर आली नव्हती. या सगळ्यात तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"काकू," मी म्हणाले, "आईचा फोटो द्याल का? माझ्याकडं एकही नाही."

हे खरं होतं. मी खोटं बोलले नाही, हे स्वतःला मी तेव्हाही बजावलं आणि आजही बजावते.

काकू उठली. स्टुलावर चढली, पदरानं काच पुसली. "मीच द्यायला पायजे होता गं तुला. इतके वर्स आमच्याच भिंतीवर ठिवला," म्हणाली. तिनं मागचे खिळे स्वतः उपटले, फोटो बाहेर काढला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. तिचे डोळे भरून आले होते. "मोठा करून घे. आमाला बी एक दे. सणाला लावू."

"देते," मी म्हणाले.

रिक्षात बसल्यावर मी फोटो उलटा केला. मागं स्टुडिओचा जांभळा शिक्का, आणि हातानं घातलेली तारीख: २२ सप्टेंबर १९९३. मी आनंदानं एकटीच हसले. मी मोबाइल काढून त्या शिक्क्याचा फोटो घेतला आणि रेवणप्पांना पाठवला. रिक्षावाल्याला स्टुडिओत नाही, ऑफिसात घ्यायला सांगितलं. चार वाजायच्या आत फोटो पडताळणीच्या नस्तीत दाखल झाला होता. जोडपत्र क.

सणाला मी गेले. नाही गेले असते तर संशय आला असता. पुरणपोळीची पंगत होती, अर्धी महापालिका जेवत होती. काकू भिंतीवरच्या मोकळ्या चौकटीकडं बोट दाखवून बायकांना सांगत होती, "फोटो पुनमनं नेलाय, मोठा करून आणून राहिली." मी दोन पोळ्या खाल्ल्या.

सुनावणी महालक्ष्म्या उठल्यावर पंधरा दिवसांनी, सभागृहात, अकरा वाजता. आयुक्त मॅडम मधल्या खुर्चीवर. चारही उपअभियंते आणि सगळे कनिष्ठ समोर बसलेले, कारण प्रत्येकाची पडताळणी सगळ्यांसमोर व्हावी हाही माझाच नियम. काकांनी नवा सफारी घातला होता. त्यांचा नंबर आला तेव्हा मी रेवणप्पांकडं कागद दिला. शेवटचं वाक्य मी रात्रंदिवस जवळ बाळगलं होतं, तेच, एक शब्द बदलून, लिहिलं होतं. रेवणप्पांनी घसा साफ केला आणि शपथपत्र वाचलं, मग पत्रिका, मग फोटोवरची तारीख. आणि शेवटी, "या कर्मचाऱ्याचा दावा खोटा आहे."

माना वळल्या. मी मोजल्या नाहीत, पण चाळीसच्या वर असतील. मला वाटलं होतं मला हलकं वाटेल. हलकं नाही, भरल्यासारखं वाटलं, उपाशी माणूस एकदम जेवल्यासारखं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं सरळ बघत होते आणि मला तो चेहरा पडलेला बघायला आवडत होता.

काका उठले. फोटो त्यांच्यापुढं ठेवला होता, त्यावर त्यांनी बोट टेकवलं. "ह्यो तर आमच्या घरातला," एवढंच पहिल्यांदा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. ऑफिसात ते मला मॅडम म्हणायचे, त्या दिवशी म्हणाले नाहीत.

"पुनम, तवा तू आठ वर्साची. तुला नोकरी लागायला पंधरा वर्सं. तवर त्या कागदाला काय चाटायचं होतं? मी कायम झालो तर तुला खायला घातलं असतं, असं मनात होतं माझ्या."

"आणि घातलंत?"

आयुक्त मॅडम आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होत्या.

"एक सांगतो," काका म्हणाले. आवाज खाली गेला होता. "त्या वर्सी मी महालक्ष्म्या वेगळ्या मांडल्या न्हसत्या, तर तू बी गावातच ऱ्हायली असतीस. एकत्र असतो तर त्या दगडाखाली आपण समदेच गेलो असतो. तू वाचलीस ती माझ्या वेगळ्या देवापायी."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. चोवीस वर्षं मला तेवढंच माहीत होतं. ज्या देवीमुळं मी वाचले तिचीच पत्रिका मी पुरावा म्हणून लावली होती. "खरं आहे," मी म्हणाले. "मग शपथपत्रात तेच लिहायचं होतं. वेगळे होतो, म्हणून वाचलो." आणि नस्ती आयुक्तांपुढं सरकवली.

पुढचं सगळं कायद्यानं झालं. नस्ती मोहोरबंद पाकिटात जिल्ह्याच्या समितीकडं गेली. मार्चमध्ये प्रमाणपत्र रद्द झालं, त्यापाठोपाठ नेमणूक. निवृत्तीला दोन महिने उरले होते. त्यांनी खोलीतला गणपतीचा फोटो आणि पाण्याची बाटली नेली, निरोपसमारंभ झाला नाही. शहर अभियंता म्हणून बांधकामचे सुदर्शनराव बसले, ज्यांना स्वतःच्या घरचा व्हॉल्व्ह कुठं आहे हे विचारून यावं लागतं. एप्रिलमध्ये क्लासेसच्या गल्लीत मुख्य लाइन फुटली. ती कुठून बंद करायची हे नव्या रचनेतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ दिवस पोरं बादल्या घेऊन हिंडली. काकांना विचारायला जायची कुणाची छाती झाली नाही. त्यानंतर मात्र तो रस्ता एकदाच खोदला आणि एकदाच बुजवला. आकृतिबंध चांगला झाला होता, हे आयुक्त मॅडमनी बैठकीत सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

मेच्या अखेरीला काकू ऑफिसात आली. कधी आली नव्हती. दारात चप्पल काढून आत आली, मी उठून उभी राहिले. ती भांडायला आली असेल असं वाटून मी मनात उत्तरं जुळवली. चार-पाच चांगली उत्तरं होती माझ्याकडं.

"बसत न्हाई," काकू म्हणाली. "तुझ्या काकांचं जे झालं ते झालं. त्यांनी केलं, त्यांनी भोगावं. मी त्येच्यासाठी आले न्हाई. फोटो कुठाय?"

"नस्तीत आहे. जिल्ह्याला."

"म्हंजी तुझ्याजवळ न्हाई?"

"नाही."

"मोठा बी केला न्हाईस?"

मी मान हलवली. "मोबाइलमदी तरी असल की तुझ्या. दाव की जरा. लई दिस झालं तिचं तोंड बघून."

मी मोबाइल काढला. शोधायचं काही नव्हतं, तरी मी बोट फिरवत राहिले. मग काढून दाखवला. पांढरा कागद, जांभळा शिक्का आणि तारीख. काकूनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "हे तर मागलं हाय," ती म्हणाली.

"हो."

"आन् मोहरलं?"

जुळवलेल्या उत्तरांपैकी एकही याला लागू पडत नव्हतं. काकूनं मोबाइल माझ्या टेबलावर हळूच ठेवला.

"परत मागून घे तिला," म्हणाली. "तुझी आई काय फाइलीत ऱ्हायची बाई न्हवती." आणि चप्पल घालून गेली.

मी त्याच दिवशी अर्ज केला. अर्जदार पुनम, विषय मूळ छायाचित्र परत मिळणेबाबत. अर्ज रेवणप्पांकडं गेला. त्यांनी जिल्ह्याला फोन लावला, पुन्हा लावला, आणि संध्याकाळी माझ्या टेबलाजवळ येऊन उभे राहिले. एरवी ते पान बाजूला करून बोलतात, त्या दिवशी तोंडात पान नव्हतं.

"मॅडम, नऊ नंबर," म्हणाले. "तिथल्या साहेबांनी आपलंच कलम वाचून दाखविलं. 'तो कोणाचाही असो' असं हाय म्हणाले."

"माहीत आहे."

"आपल्याकडं झेरॉक्स हाय पाठवायच्या आधीची. तिची नक्कल देता येती."

ती त्यांनी दुसऱ्या दिवशी आणली. आमच्या ऑफिसातलं मशीन जुनं आहे. महालक्ष्म्यांचे मुखवटे पांढरेफटक उमटले आहेत, 'वर्ष पहिले' स्वच्छ वाचता येतं, माझ्या फ्रॉकची झालरही दिसते. उजव्या बाजूला देवीच्या निऱ्यांवर दोन हात आहेत, आणि मान वर केलेल्या जागी काळा डाग.

मला पश्चात्ताप झाला का, असं लोक आडून आडून विचारतात. नाही झाला. त्या माणसाला त्या सभागृहात पुन्हा उभं करायचं असेल तर मी पुन्हा करीन. पण त्या दिवशी रिक्षात फोटो हातात होता, मोबाइल हातात होता, आणि मी कागद उलटा केला. काकांनी माझं काय काय घेतलं याची यादी मला पाठ आहे. हे एक त्या यादीत बसत नाही.

नकलेच्या खाली रेवणप्पांनी 'खरी नक्कल' असा शिक्का मारला होता, आणि त्याखाली समितीच्या सचिवांच्या सहीसाठी जागा सोडली होती. मी पेन घेतलं आणि सही केली.